सुपरमॅनचा चौथा भाग आणि कॅननचा धंदा

१९८७ सालच्या जुलैमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘सुपरमॅन ४ : द क्वेस्ट फॉर पीस’ हा नावाजलेल्या चित्रपटमालिकेचे स्वस्तात काढलेल्या उत्तरभागाने काय होते, याचा ठळक दाखला आहे. १९७८ च्या मूळ ‘सुपरमॅन’वर सुमारे ५.५ कोटी डॉलर खर्च झाले होते. चौथा भाग १.७ कोटींत उरकला. मधल्या नऊ वर्षांत महागाई वाढली होती, हे लक्षात घेतले की तफावत आणखी डोळ्यांत भरते.

हा भाग काढणारी कॅनन ही कंपनी मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस या इस्रायली चुलतभावांनी १९७९ मध्ये ५ लाख डॉलरला विकत घेतली होती. चित्रपट तयार होण्याआधीच विकायचा, ही त्यांची रीत. कान महोत्सवाच्या बाजारात नट आणि नाव झळकवणारे पोस्टर लावायचे, देशोदेशीच्या वितरकांशी करार करायचे आणि ते करार बँकेत दाखवून कर्ज उचलायचे. या व्यवहारात उत्तरभाग फार सोयीचा, कारण नाव आधीच गाजलेले असते. पॅरामाउंटच्या ‘डेथ विश’चा (१९७४) दुसरा भाग १९८२ मध्ये कॅननने काढला तो याच हिशेबाने. सुपरमॅनचे हक्कही त्यांनी असेच मिळवले.

क्रिस्टोफर रीव्ह पुन्हा तो पोशाख घालायला राजी झाला, पण कथेत आपले म्हणणे चालावे या अटीवर. अण्वस्त्रे नष्ट करणारा सुपरमॅन ही कल्पना त्यातून आली, आणि ती वाईट नव्हती. चित्रपटासाठी मुळात सुमारे ३.६ कोटी ठरले होते. पण कॅननचे त्या वर्षी तीसेक चित्रपट एकाच वेळी हाती होते आणि पैसा सगळीकडे वाटला गेला होता. चित्रीकरणाच्या तोंडावर रक्कम निम्म्याहून खाली आली.

कात्री कुठे लागली ते पडद्यावर उघड दिसते. न्यूयॉर्कमधले संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालय इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या नव्याने वसवलेल्या शहरात, रेल्वे स्थानकासमोरच्या काचेच्या इमारतींपुढे उभे करण्यात आले. रीव्हने पुढे आत्मचरित्रात या प्रसंगाची कैफियत मांडली आहे : तुटपुंजी गर्दी, रस्त्यावर गाड्यांचा पत्ता नाही. चंद्रावरच्या मारामारीत मागचे आकाश म्हणजे काळा पडदा आहे, हे त्याच्या चुण्यांवरून कळते. सर्वांत जास्त खटकते ते उड्डाण. मूळ चित्रपटात झोरान पेरिसिकच्या तंत्राने कॅमेरा आणि प्रोजेक्टर या दोघांच्या झूम भिंगांची हालचाल जुळवली होती; त्यामुळे मागचे दृश्य होते तसेच राही आणि माणूस मात्र जवळ येतोसा भासे. त्या चित्रपटाच्या दृश्य-परिणामांना खास ऑस्कर मिळाले. चौथ्या भागात मुठी पुढे करून कॅमेऱ्याकडे झेपावणारा सुपरमॅन एकदा चित्रित केला आणि पार्श्वभूमी बदलून तोच तुकडा पुन्हा पुन्हा वापरला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

दिग्दर्शक सिडनी फ्युरी यांच्याकडे अनुभवाची वाण नव्हती, जीन हॅकमनही खलनायक म्हणून परतला होता. तरी सुमारे पाऊण तासाचा भाग कापून चित्रपट ९० मिनिटांवर आणला गेला. मूळ चित्रपट १४३ मिनिटांचा होता. त्या काटछाटीत कथेचे सांधेच निखळले. अमेरिकेत त्याने १.६ कोटींच्या आतच कमाई केली. मूळ चित्रपटाने तिथे १३ कोटींवर कमावले होते. सुपरमॅन त्यानंतर मोठ्या पडद्यावर आला तो थेट २००६ मध्ये.

कॅननलाही हे झेपले नाही. ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’चा दुसरा भाग आणि ‘स्पायडर-मॅन’ हे दोन्ही बेत पैशाअभावी सोडावे लागले. त्यांच्यासाठी आधीच तयार झालेले सेट आणि कपडे वाया जाऊ नयेत म्हणून अल्बर्ट प्यून या दिग्दर्शकाने घाईघाईने एक कथा जुळवली आणि ‘सायबॉर्ग’ (१९८९) हा हाणामारीपट काढला. तो बऱ्यापैकी चालला. गोलान त्याच वर्षी कंपनीतून बाहेर पडला, आणि १९९३ मध्ये ‘सायबॉर्ग’चाही दुसरा भाग निघाला.