वऱ्हाडचे करार आणि इंग्रजी शब्दांची निवड

इंग्रजी वाक्यांत नेमका शब्द कोणता योजावा, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतून बहुधा परीक्षेपुरताच उपस्थित होतो. दोन शब्द समानार्थक दिसले कीं त्यांपैकीं कोणताही चालेल, असें विद्यार्थी समजतो. आणि कोशही पुष्कळदां त्याचीच बाजू घेतो. परंतु शब्दाशब्दांतील हा भेद किती दूरवर पोहोंचतो, याचा दाखला शोधण्यास विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. आमच्या वऱ्हाडचा १८५३ नंतरचा राजकीय इतिहास हा एका दृष्टीनें चार-सहा इंग्रजी शब्दांचाच इतिहास आहे.

निजामाच्या राज्यांत इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं 'हैदराबाद कंटिंजंट' नांवाची फौज असे. तिचा खर्च थकत गेला व निजामावर कंपनीचें कर्ज चढत गेलें. लॉर्ड डलहौसीची इच्छा अशी कीं, त्यापायीं कांहीं जिल्हे कायमचे मिळावे. नासिरउद्दौला यांस हें मान्य होईना. अखेर रेसिडेंट कर्नल लो यांनीं 'कायमचे' या अर्थाचे शब्द गाळले, तेव्हां कोठें २१ मे १८५३ रोजीं तह झाला. त्यांत वऱ्हाड 'सीड' केलें नव्हतें. 'असाइन' केलें होतें. मराठींत बोलतांना आपण सरसकट 'वऱ्हाड इंग्रजांस दिलें' असें म्हणतों; पण आपल्या जुन्या दफ्तरी भाषेंतही मुलूख 'सोडून देणें' निराळें आणि फौजेच्या खर्चास 'लावून देणें' निराळें. पहिल्यांत धनीपणा जातो, दुसऱ्यांत केवळ वहिवाट जाते. प्रांताचें सरकारी नांवही 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असेंच पडलें.

१८६० सालच्या तहानें पन्नास लक्षांचें कर्ज माफ झालें, रायचूर दुआब व नळदुर्गाकडील मुलूख परत गेला, आणि बत्तीस लक्ष रुपये वसुलाचें वऱ्हाड इंग्रजांनीं फौजेच्या पगारासाठीं व इतर ठराविक देण्यांसाठीं 'इन ट्रस्ट', म्हणजे विश्वस्त या नात्यानें, ठेवावें असें ठरलें. हा शब्द मोठा सात्त्विक आहे. परंतु त्याच तहांत निजामानें जमाखर्चाचा हिशेब मागूं नये, आणि कारभारास किती खर्च करावा हें सर्वस्वीं इंग्रज सरकारच्या 'डिस्क्रीशन'वर राहावें, अशीही तरतूद आहे. शिल्लक उरल्यास ती निजामाची. पण शिल्लक उरूं द्यावयाची कीं नाहीं, तें ठरविणार विश्वस्त! एका शब्दानें दिलेलें दुसऱ्या शब्दानें कसें काढून घेतां येतें, याचा इतका स्वच्छ नमुना व्याकरणाच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं.

हा भेद केवळ कागदावर राहिला नाहीं. मेळघाटांतील धारणीचा मुलूख घ्या. तेथून निमाडाची किंवा बैतुलची हद्द ओलांडली कीं मनुष्य ब्रिटिश हिंदुस्थानांत शिरे. अलीकडे मात्र तो ब्रिटिश हिंदुस्थानांत नव्हता. तिकडे कायदेमंडळाचा कायदा आपोआप चाले. इकडे तो सरकारी हुकमानें वेगळा लागू करावा लागे. धारणीकडील कोरकू ज्या डोंगरांत राहत, त्यांचा धनी कागदोपत्रीं निजाम. पण अंमल हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाच्या हाताखालील अधिकाऱ्यांचा.

'असाइन' शब्द होता म्हणूनच सर सालारजंगांस मागणी करतां आली. फौजेच्या खर्चाची दुसरी तजवीज करून देतों, आमचे जिल्हे परत करा, असा त्यांचा आग्रह होता. १८७६ सालीं ते विलायतेसही जाऊन आले. जिल्हे परत आले नाहींत, पण मागणी जिवंत राहिली. ती मिटविण्यास लॉर्ड कर्झन यांनीं १९०२ सालीं नवा शब्द आणला : 'लीज इन पर्पेच्युइटी'. पट्टा म्हटला कीं त्यास मुदत असावयाची. येथें पट्टा, पण कायमचा. निजामाचें स्वामित्व मान्य, वार्षिक पंचवीस लक्ष रुपये खंडही मान्य. मुलूख मात्र कधींच परत यावयाचा नाहीं. जे शब्द १८५३ सालीं गाळावे लागले होते, ते एकोणपन्नास वर्षांनीं अशा रीतीनें कागदावर चढले.

मीर उस्मान अली खान यांनीं १९२३ सालीं पुनः मागणी केली. १९२६ सालीं लॉर्ड रीडिंग यांनीं ती साफ नाकारली. १९३५ च्या कायद्यानें वऱ्हाडावर निजामाचें स्वामित्व असल्याचें नमूद करून, वऱ्हाड व मध्यप्रांत हे एकच प्रांत 'मानले जातील' असें ठरविलें. १९३६ सालच्या करारानें निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. बेरारवरील अंमल मिळाला नाहीं. पुढें सत्ताच पालटली, आणि १९५० च्या राज्यघटनेनंतर ही सारी शब्दयोजना इतिहासजमा झाली.

यावरून शब्द सर्वसमर्थ असतो, असें आम्ही म्हणत नाहीं. निजामास योग्य शब्दानें हक्क राखतां आला, मुलूख राखतां आला नाहीं. कारण शब्दाचा अर्थ ठरविण्याचें बळ प्रतिपक्षाकडे होतें. तथापि दुबळ्याजवळ पुष्कळदां शब्दावांचून दुसरें साधनच नसतें. तोही त्यानें अजाणतां सोडला तर पुढच्या पिढीस मागण्यासारखें कांहींच उरत नाहीं. म्हणून इंग्रजी लिहितांना, आणि इंग्रजी कागदावर सही करतांना तर अधिकच, शब्दाचा अर्थ काय एवढेंच पाहून भागत नाहीं. हा शब्द उद्यां कोणास काय मागूं देईल, हेंही पाहावें लागतें.