तळटीप १७ : टायगरचा बिल्ला

१७. टायगर : अमेरिकेतील बॉय स्काउट्स संस्थेच्या (२०२५ पासून ‘स्काउटिंग अमेरिका’) कब शाखेतला लहानग्यांचा गट. १९८२ साली सात वर्षांच्या मुलग्यांसाठी सुरू झाला. आता पहिलीतल्या मुलामुलींचा आहे. यात मूल एकटे येत नाही. प्रत्येक सभेला आणि सहलीला सोबत एक मोठे माणूस लागतेच. ते आईवडीलच हवेत असे नाही, म्हणून या प्रसंगात आजोबा पेन शोधताना दिसतात. पुस्तिकेतली कामे (रानातली भटकंती, झेंड्याचा मान, सुरक्षितता वगैरे) दोघांनी मिळून करायची आणि काम झाले की मोठ्या माणसाने सही द्यायची. सही करणाऱ्याला म्हणतात ‘अकेला’; हे नाव किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधला, सिवनीच्या डोंगरांतल्या लांडग्यांच्या म्होरक्याचे. लेखकाने वर ‘जिंकला’ असे लिहिले असले तरी यात चुरस नसते. मुलाने आपल्या परीने शिकस्त केली, एवढे पुरते. ते ठरवायचेही बहुधा सोबतच्या मोठ्या माणसानेच, त्यामुळे सह्या सढळ हाताने होतात हे उघड आहे. कामे पुरी झाली की समारंभात बिल्ला बहुधा आधी पालकाच्या हाती देतात आणि पालक तो मुलाला देतो. गणवेशावर त्याची जागा डाव्या खिशावर.