विनोदी कथामालेचा आरंभ कोठून करावा?

सिंहासनबत्तिशी सतराव्या पुतळीपासून वाचावयास घेतली तर काय बिघडते? फारसे काही नाही. भोजराजा विक्रमाच्या सिंहासनावर चढू पाहतो आणि पुतळी त्यास अडवून विक्रमाची कथा सांगते, एवढी चौकट ठाऊक झाली की मधला क्रम वाचकाच्या मर्जीवर सोडता येतो. वेताळपंचविशीत मात्र तसे करता येत नाही. मधल्या कथा तेथेही सुट्या आहेत. परंतु अखेरच्या कोड्यापुढे राजा निरुत्तर होतो, आणि त्या मौनाचे मोल आधीची उत्तरे ऐकलेल्यासच कळते.

हा भेद आधुनिक विनोदी मालांनाही लागू पडतो. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या अद्भुतविनोदी मालेत १९८३ ते २०१५ या काळात ४१ कादंबऱ्या निघाल्या, आणि तिचे रसिकच नवख्यास पहिल्या पुस्तकापासून आरंभ न करण्याचा सल्ला अनेकदा देतात. आपल्याकडे असा सल्ला देणारा क्वचितच भेटतो. अंधेरी-मुलुंडहून कलिन्यास येणारा पदव्युत्तर विद्यार्थी वाचनालयात चिमणरावांचा जो भाग हाती लागेल तो उघडतो, संदर्भ लागेनासे झाले की मिटतो, आणि विनोद शिळा झाला असा निर्णय देऊन मोकळा होतो. त्यात दोष विनोदाचा नसून दाराचा आहे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त आला. पुढे लेख वाढत गेले आणि ‘सुदाम्याचे पोहे’ या संग्रहास ‘साहित्यबत्तिशी’ हे उपनाम लाभले. बत्तीस लेख, सिंहासनाच्या बत्तीस पुतळ्या आणि हसताना दिसणारी बत्तिशी असा तिहेरी श्लेष एका शब्दात साधला आहे. (कोल्हटकरांना श्लेषाचा मोह आवरत नसे, येथे तो आवरला नाही हे बरेच झाले.) सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या या त्रयीच्या वयाचा हिशेब वाचकास ठेवावा लागत नाही. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने ‘साक्षीदार’पासून जावे; इतरांनी ‘चोरांचे संमेलन’ आधी वाचावे. चोरांनी संमेलन भरवावे ही कल्पनाच अद्भुताच्या उंबरठ्यावर उभी आहे, आणि आपल्या संमेलनांची रीत पाहिलेल्यास तिच्यावर टीप नको.

चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे पालीचे पंडित. त्यांच्या ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ (१९३२) आणि ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ (१९३३) या दोन्ही नावांत लांबणाऱ्या, निष्फळ बोलण्याचा अर्थ आहे: एरंड कितीही पिळला तरी रस नाही, चऱ्हाट कितीही वळले तरी संपत नाही. मालेच्या लांबीची थट्टा लेखकाने स्वतःच शीर्षकात करून ठेवली. परंतु येथे काळ सरतो. चिमणरावांचे लग्न होते, संसार वाढतो, मुले प्रश्न विचारू लागतात; गुंड्याभाऊंचा दणकट आत्मविश्वास आणि चिमणरावांचा भिडस्तपणा यांची जोडी प्रत्येक प्रसंगी मागच्या फजितीची आठवण घेऊन येते. बोलीतील लकबीही अशाच साचत जातात: पहिल्यांदा ऐकलेला शब्दप्रयोग केवळ विचित्र वाटतो, पाचव्यांदा तो उच्चारण्यापूर्वीच हसू येते. हा परिणाम वेच्यात मिळत नाही. १९४० च्या ‘लग्न पहावे करून’ आणि १९४२ च्या ‘सरकारी पाहुणे’ या चित्रपटांनी व पुढे दूरदर्शनच्या मालिकेने ही पात्रे घरोघरी नेली, पण तेथे ओळख चेहऱ्याने होते, चिमणरावांच्या निवेदनाने नव्हे.

तेव्हा चिमणराव प्रकाशनक्रमानेच वाचावेत, ‘गुऱ्हाळा’पासून. वाचनालयात ‘चऱ्हाट’ तेवढे शिल्लक असून ‘गुऱ्हाळ’ कोणी नेलेले असेल, तर ते परत येईपर्यंत बत्तिशी घरी न्यावी. तिला क्रमाची अट नाही.