कौटिलीयांतील गृहसुरा आणि तिची परीक्षा

सुरेसंबंधीं लेख पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळीं आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. मनूनें सुरापान महापातकांत गणलें, आणि त्या वचनाचा धाक आमच्या पिढीपर्यंत पोहोंचला आहे. परंतु ज्या वस्तूचा निषेध करावयाचा ती वस्तु कोणती, ती कशी होई, आणि चांगली उतरली कीं बिघडली हें कशावरून ठरवीत, एवढें तरी निषेध करणारानें जाणावयास नको काय? मेदक, प्रसन्ना, आसव, मैरेय या सर्वांस सरसकट 'दारू' म्हणून मोकळें होण्याची चाल आहे. आम्हीहि शिक्षकी पेशांत तीस वर्षें तेंच केलें. त्या चुकीचें परिमार्जन हा प्रस्तुत लेखाचा एक हेतु होय.

प्रथम सुरा म्हणजे काय तें पाहूं. सौत्रामणी यागांत सुरेचें विधान आहे. वाजसनेयि संहितेवरील महीधराच्या भाष्यावरून पाहतां तींत मोड आलेलें भात, मोड आलेले जव, लाह्या व नग्नहु नांवाचें औषधिमिश्रित किण्व पडे. हें मिश्रण तीन रात्री ठेवीत. धान्यास मोड आले म्हणजे त्यांतील पिष्टाची साखर होऊं लागते, आणि त्या साखरेचें किण्वाच्या योगें मद्य होतें. युरोपांत बियरसाठीं जवास मोड आणून ते वाळवितात, त्यांतील मर्म हेंच. कौटिल्याच्या कृतींत मोडांचें नांव नाहीं. तेथें तांदूळ, पीठ व किण्व आहे. परंतु दोहोंकडे भट्टी, नळी किंवा वाफ निवविण्याचें पात्र यांपैकीं कशाचाहि निर्देश नाहीं. अर्थात् ही धान्य आंबवून केलेली पेयें होत. त्यांची सोयरीक बियरशीं आहे, ब्रँडीशीं नाहीं. जेम्स मॅकह्यू यांनीं भारतीय मद्येतिहासावर २०२१ सालीं जो स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतहि सुरेचें हें धान्यज स्वरूप विस्तारानें मांडलें आहे.

आतां अर्थशास्त्राकडे वळूं. हा ग्रंथ आर. शामशास्त्री यांनीं म्हैसूरास मिळालेल्या पोथीवरून १९०९ सालीं छापला; पुढें प्रा. कंगले यांनीं संपादिलेली चिकित्सक संहिता मुंबई विद्यापीठानें १९६० सालीं काढली. दुसऱ्या अधिकरणाचा पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा. सुरा व किण्व यांचा व्यवहार राजाच्या देखरेखीखालीं. नेमल्या ठिकाणाबाहेर करणारा, घेणारा व विकणारा यांस ६०० पण दंड. इतका कडक बंदोबस्त सांगून कौटिल्य एक वाट मोकळी ठेवितो, आणि तीच आमच्या विषयाकडे जाते. कुटुंबी गृहस्थांस कार्यप्रसंगीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट करण्याची मुभा आहे. उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळीं ४ दिवसांची परवानगी द्यावी; परवानगीवांचून करतील त्यांजकडून उत्सव संपेपर्यंत रोजचा दंड घ्यावा. सुरा व किण्व यांचा 'विचय' स्त्रियांनीं व मुलांनीं करावा, असेंहि तेथें सांगितलें आहे. विचय म्हणजे द्रव्यांची वेंचणी असा अर्थ आम्ही घेतों. येणेंप्रमाणें दोन सहस्र वर्षांच्या सुमारास घरगुती सुरा ही चोरीची वस्तु नसून, मर्यादित कां होईना, मान्य वस्तु होती असें दिसतें.

कृतींतील प्रमाणें लक्षांत घेण्याजोगीं आहेत. मेदकास १ द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व ३ प्रस्थ किण्व. ४ प्रस्थांचा आढक आणि ४ आढकांचा द्रोण. तेव्हां पाणी १६, तांदूळ २ व किण्व ३ असें मान पडतें. तांदुळाच्या दीडपट किण्व! हें विरजणाचें प्रमाण नव्हे. याचा उलगडा किण्वाच्या कृतींत आहे: उडदांचा कच्चा किंवा शिजविलेला लगदा १ द्रोण, त्याहून तृतीयांश अधिक तांदूळ, आणि कांहीं वनस्पति. म्हणजे मेदकांतील बरेंचसें धान्य किण्वाच्या वाटेनेंच येतें. उलट प्रसन्नेस १२ आढक पीठ व ५ प्रस्थ किण्व. येथें किण्व पिठाच्या दशांशाहून किंचित् अधिक. मेदक व प्रसन्ना या दोन निराळ्या रीति आहेत हें एवढ्यावरूनच सिद्ध होतें.

ही झाली मापाची परीक्षा. आसवाविषयीं कौटिल्य सांगतो कीं, सांगितल्या मानाहून चतुर्थांश अधिक तें ज्येष्ठ, चतुर्थांश उणें तें कनिष्ठ. घालावयाच्या द्रव्यावरून प्रत ठरविणें अधिकाऱ्यास सोयीचें खरें. पण योग्य मापानें घातलेलीहि सुरा बिघडते, हें त्यास ठाऊक होतें. म्हणून तो म्हणतो कीं, दुष्टसुरेवांचून दुसरी कोणतीहि सुरा पडत्या भावानें किंवा उधार देऊं नये. दुष्टसुरा अन्यत्र विकावी, दास व कामकरी यांस वेतनादाखल द्यावी, वाहनाच्या जनावरांस पाजावी किंवा डुकरांस घालावी. ती दुष्ट झाली हें कसें ओळखावें, याविषयीं मात्र अध्यायांत अक्षर नाहीं.

तें अक्षर आमच्या मतें सुश्रुतांत आहे. सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायांत वर्ज्य मद्याचीं लक्षणें दिलीं आहेत. मद्य दाट, दुर्गंधी, बेचव, किडे पडलेलें किंवा बुळबुळीत असूं नये. कोंवळें नसावें, शिळें नसावें. वाईट भांड्यांत ठेवलेलें, औषधि कमी पडलेलें किंवा भांड्याच्या तळाशीं थोडकें उरलेलें नसावें. उलट जें पुष्कळ दिवस राहिलें, ज्यांत रस उत्पन्न झाला, जें निर्मळ व सुवासिक, तें ग्राह्य. गंमत अशी कीं, 'प्रसन्न' म्हणजे निर्मळ हा गुण सांगून 'अत्यच्छ' म्हणजे फाजील नितळ हा दोष गणला आहे. ज्यास निवळलेल्या व पाणचट यांतील भेद कळतो, तोच असें लिहील.

यावर कोणी आक्षेप घेईल कीं, सुश्रुत वैद्य. तो पिणाराच्या प्रकृतीचा विचार करितो, करणाराच्या कसबाचा नव्हे. आक्षेप योग्य आहे. परंतु वाईट भांडें, अपुऱ्या औषधि आणि तळचा अवशेष हीं तीन लक्षणें पेल्यांत दिसत नाहींत. तीं ज्यानें घडा भरला व रिकामा होतांना पाहिला त्यासच ठाऊक. यास्तव ही यादी मूळची करणाराच्या अनुभवांतील असून वैद्यानें ती उचलली, असें आम्हांस वाटतें. प्रत्येक दोष एकेका चुकीकडे बोट दाखवितो. कोंवळें म्हणजे आंबण्याची क्रिया पुरी होण्यापूर्वीं काढलेलें. दाट म्हणजे निवळूं न देतां उपसलेलें. शिळें व तळचें म्हणजे वारा लागून आंबटाकडे झुकलेलें. बुळबुळीतपणा हा बियरमध्येंहि जुना दोष होय. तेथें असले बिघाड परक्या सूक्ष्म जंतूंमुळें होतात, हें पाश्चर यानें १८७६ सालच्या आपल्या बियरविषयक ग्रंथांत दाखविलें. आमच्या पूर्वजांस जंतु दिसले नव्हते. परंतु घड्यास दोष लागतो हें त्यांनीं हेरलें होतें.

नांवांविषयीं एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. शार्ङ्गधराच्या मध्यम खंडांत सुरेवरची निवळ ती प्रसन्ना, तिच्याखालची घट्ट ती कादंबरी, तिच्याखालीं जगल, त्याहून दाट मेदक, आणि सत्त्व काढलेला चोथा तो बक्कस. म्हणजे कौटिल्याच्या दोन स्वतंत्र कृति येथें एकाच घड्यांतील दोन थर झाल्या आहेत. शार्ङ्गधराचा अर्थ कौटिल्यावर लादल्यास वर दाखविलेलीं प्रमाणें निरर्थक होतात. आम्हीं तोच लादला होता.

शेवटीं एक कबुली. आमच्या लहानपणीं, १९७० च्या सुमारास, शेजारीं एक वृद्ध वैद्य आसवें-अरिष्टें घरींच करीत. तुपाचा हात फिरविलेल्या बरणींत काढा, गूळ व धायटीचीं फुलें घालून तोंड बांधीत. दिवस भरले कीं कान लावून आंतील आवाज ऐकत. मग तोंडाशीं पेटती काडी नेत. काडी विझली तर आंत कार्बन डाय-ऑक्साइड वायु अद्याप उठत आहे असें समजावें. "बाळ, बरणी बोलायची थांबली कीं मगच उघडायची," असें ते आम्हांस सांगत. त्यांचें एक बाड होतें. पुढील पानांवर संस्कृत योग. मागील पानांवर बरणी बांधल्याची व उघडल्याची तिथि, आणि पुढें 'उत्तम', 'आंबट', 'फसलें' असा एकेक शेरा. पुढें १९९५ सालीं आम्हीं तें बाड उतरून घेतलें, पण संस्कृत तेवढेंच. मागील पानें घरगुती खरडा म्हणून सोडून दिलीं. उतरून घेतलेले सर्व योग छापील ग्रंथांत सांपडतात, असें मागाहून आढळलें. शेरे कोठेंच सांपडत नाहींत, आणि वैद्यांच्या पश्चात् तें बाड रद्दींत गेलें.

पोथीसंग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, वैद्यांच्या घरचें एखादें बाड हातीं आल्यास तें मागल्या पानांपासून वाचण्यास आरंभ करावा. आणि तेथें असे शेरे असल्यास, अक्षर कितीहि वेडेंवांकडें असो, ते तिथींसह जसेच्या तसे उतरून ठेवावे.