दोन्हीकडे वाहणारा ओढा

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग सरोवराच्या उत्तरेच्या अरण्यात, एचिमामिश नावाचा ओढा आहे. नकाशावर त्याला नदी म्हटले आहे. पण दलदलीतून आणि लव्हाळ्यांतून सरकणाऱ्या या पाण्याला आपल्याकडे कुणी ओढाच म्हणेल. नाव क्री भाषेतले. अर्थ, दोन्हीकडे वाहणारे पाणी. वाटेत पेंटेड स्टोन हा बुटका खडक आडवा येतो. त्याच्या पश्चिमेचे पाणी नेल्सन नदीकडे जाते, पूर्वेचे हेज नदीकडे. होडी उचलून पलीकडे ठेवली की खोरे बदलले.

1670 मध्ये सनद मिळालेल्या हडसन्स बे कंपनीचे मोठे ठाणे, यॉर्क फॅक्टरी, हेजच्या मुखाशी होते. नेल्सन जवळच समुद्राला मिळते, पण तिच्या धावत्या पाण्यातून भरलेल्या होड्या वर चढवणे फार जिकिरीचे. म्हणून कंपनीचा माल हेजने वर येई आणि या ओढ्यातून विनिपेग सरोवर गाठी. घोंगड्या, बंदुका, किटल्या आत जात. कातडी बाहेर येत. आधी भूर्जसालीच्या कनू, पुढे सुमारे तीन टन माल घेणाऱ्या यॉर्क बोटी.

तीन टनांची बोट ओढ्यात तरंगे कशी? याचे श्रेय बीव्हरला. हा प्राणी झाडे कुरतडून, फांद्या आणि चिखल रचून बांध घालतो. त्यामागे पाणी तुंबते आणि होडीला पुरेल इतकी खोली मिळते. आता ही कंपनी उभी होती तीच मुळी बीव्हरच्या कातड्यावर, त्याच्या लवीपासून युरोपात टोप्या बनत. बोधवाक्यही लॅटिनमध्ये ‘कातड्यासाठी कातडे’ अशा अर्थाचे! 1819 मध्ये इथून गेलेल्या जॉन फ्रँकलिनने मात्र लिहून ठेवले आहे की इथले बांध टिकले तरच वाट टिकते, म्हणून ते बांधणाऱ्या बीव्हरला मारायला मनाई होती. कंपनीच्या इतिहासांत गव्हर्नरांची चरित्रे विस्ताराने येतात. या बिनपगारी अभियंत्याला सहसा तळटीपेवर भागवावे लागते.

वल्हेकऱ्यांचेही तसेच. ऑर्कनी बेटांवरचे लोक होते, मेटी होते, आणि पुढे नॉर्वे हाउसच्या परिसरातले क्री मोठ्या संख्येने होते. धबधबा आला की गाठोडी पाठीवर आणि बोट लाकडी ओंडक्यांवरून ओढत न्यायची. मच्छर वेगळेच.

याच नॉर्वे हाउसला 1840 मध्ये जेम्स इव्हान्स हा मिशनरी आला आणि त्याने क्री भाषेसाठी लिपी छापली. चहाच्या पेट्यांतले शिसे वितळवून त्याने खिळे ओतले. लिपीच्या अभ्यासकांना तिच्यात लघुलेखनाबरोबर देवनागरीचीही छाया दिसते. आपण अक्षराला काना-वेलांटी लावतो. क्री लिपीत स्वर बदलला की अक्षरच वेगळ्या दिशेला वळते. ही लिपी आपल्याच मिस्तानास्कोवेव नावाच्या माणसाला आत्मलोकातून मिळाली, असे क्री परंपरा सांगते. मला ती कथा नुसती दंतकथा म्हणून बाजूला सारवत नाही. लिपी हां हां म्हणता पसरली ती मिशनच्या शाळेपेक्षा क्री लोकांनी एकमेकांना शिकवल्यामुळे, आणि लोक परकी वस्तू इतक्या लवकर घरची करत नाहीत.

मग दक्षिणेकडून आगबोटी आणि रेल्वे आली. यॉर्क फॅक्टरीचा माल आटला आणि वल्हेकऱ्यांचे पोट त्याबरोबर गेले. 1875 मध्ये नॉर्वे हाउसला पाचवा करार झाला, तेव्हा तिथल्या अनेक कुटुंबांची मागणी होती शेतीजोग्या जमिनीची. त्यांतली काही दक्षिणेला फिशर नदीकाठी राहायला गेली. दीडशे-दोनशे वर्षे ज्यांच्या खांद्यांवरून व्यापार गेला, त्यांना आता नांगर शिकायचा होता.

यॉर्क फॅक्टरी 1957 मध्ये बंद झाली. नेल्सनवर पुढे वीजनिर्मितीसाठी काँक्रीटची धरणे उभी राहिली. हेज मोकळीच राहिली. 2006 मध्ये ती एचिमामिशच्या वाटेसह वारसा नदी म्हणून जाहीर झाली. आज हौशी कनूवाले तिथे उतरतात आणि दर थोड्या अंतरावर होडी बीव्हरच्या बांधावरून ओढून पलीकडे टाकतात.