पाचारण आणि प्रतीक्षा : संत जोसेफ वाझ ह्यांच्या चरित्रांतून

ज्युबिलीनिमित्त ही स्मरणिका काढावयाची ठरली, तेव्हां संपादक मंडळीनें आमच्याकडे साखरा धर्मग्रामाचा इतिहास मागितला. तो ह्या पुस्तिकेच्या इतर पानांवर आमच्याहून अधिक जाणत्या वृद्ध माणसांनीं सांगितला आहे. आमची येथली वस्ती त्यांच्या मानानें कालची. म्हणून आम्हीं दुसराच एक इतिहास सांगण्याचें योजिलें आहे, आणि त्याचें कारण प्रथमच उघड करून ठेवणें बरें.

ह्याच ज्युबिलीच्या वर्षीं आपणांस नवें सल्लागार मंडळ निवडावयाचें आहे. नांवें पुढें येण्यापूर्वींच तट पडूं लागले आहेत. "फादर, देवाची इच्छा काय आहे तें तुम्हीच सांगा," असें गेल्या महिन्यांत चार घरीं आम्हांस विनविण्यांत आलें. चारही घरांना देवाची इच्छा आधींच ठाऊक होती, आणि तीं चार उत्तरें चार प्रकारचीं होतीं. आम्ही चहा घेऊन परत आलों.

ख्रिस्तसभेचा पुढारी कोणीं व्हावें आणि त्यानें कोणत्या वाटेनें जावें, हा प्रश्न ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे. यहूदाची जागा रिकामी पडली तेव्हां प्रेषितांनीं दोघांचीं नांवें पुढें केलीं, प्रार्थना केली आणि चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी मत्थियाच्या नांवाची निघाली. परंतु त्यानंतर पेंटेकॉस्टचा दिवस उजाडला, आणि त्या दिवसापुढें प्रेषितांनीं चिठ्ठ्या टाकून कोणास निवडल्याचा उल्लेख त्या ग्रंथांत कोठेंही सांपडत नाहीं. अंत्युखियाच्या मंडळीनें बर्णबा व शौल ह्यांस पाठविलें तें उपवास, उपासना आणि हस्तस्पर्श करून. चिठ्ठी टाकणें सोपें असतें. एकत्र उपाशी बसणें कठीण असतें. आमच्या मतें हा फरक लक्षांत घेण्याजोगा आहे.

हिंदुस्थानांत प्रभूचें कार्य करावयास आलेले संत फ्रान्सिस झेवियर हे १५४२ सालच्या मे महिन्यांत गोव्यास उतरले. अविश्रांत धांवणारा पुरुष अशी त्यांची प्रतिमा आपल्या मनांत आहे. पण १५४५ सालीं, पुढें कोठें जावें हें त्यांना कळेना, तेव्हां ते मैलापुरास संत थॉमस ह्यांच्या कबरीपाशीं जाऊन राहिले, आणि कांहीं महिने प्रार्थनेंत काढून मगच त्यांनीं मलाक्क्याचा रस्ता धरला. धांवणाऱ्यानें असें थांबावें, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या सर्व प्रवासांहून मोठी वाटते.

तथापि ज्यांच्या चरित्रांत हें थांबणें सर्वांत ठळक दिसतें, ते परदेशांतून आलेले नव्हते. ते आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचे होते. जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं गोव्यांतील बाणावली येथें, आईच्या गांवीं झाला. वडिलांचें घराणें सांकवाळचें. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षीं सांकवाळच्या मंदिरांत त्यांनीं आपण पवित्र मरियेचे दास असल्याचें पत्र स्वहस्तें लिहून दिलें. तरुण गुरूची भक्ति उत्कट असते, त्यांत नवल नाहीं. नवल पुढें आहे.

त्या काळीं सिलोनांतील ख्रिस्ती लोक मेंढपाळावांचून पोरके झाले होते. १६५८ पर्यंत डच लोकांनीं पोर्तुगीजांचीं ठाणीं जिंकून घेतलीं, कॅथलिक धर्मगुरूंना बेटांतून घालवून दिलें, आणि लपून मिस्सा करणाऱ्यास व त्यास आश्रय देणाऱ्यास कठोर शिक्षा ठेवल्या. ही वार्ता वाझ ह्यांच्या कानीं पडली आणि आपण तेथें जावें अशी तळमळ त्यांना लागली. इच्छा पवित्र होती, गरज खरी होती, माणूस सिद्ध होता. आपल्यापैकीं कोणीही म्हटलें असतें कीं, ह्याहून स्पष्ट पाचारण तें कोणतें? पण वरिष्ठांनीं त्यांस सिलोनास न पाठवितां १६८१ सालीं कानडा प्रांतांत मुख्य धर्मगुरू म्हणून पाठविलें.

ते गेले. आणि तेथें त्यांच्या पुढ्यांत काय वाढून ठेवलें होतें? भांडण. पोर्तुगालच्या राजाच्या हक्कानें चालणारें गोव्याचें महागुरुपीठ एका बाजूस, आणि रोमहून थेट नेमणूक मिळालेले महागुरू तोमास द कास्त्रो दुसऱ्या बाजूस. कोणाची आज्ञा मानावी ह्या घोळांत लोक सांपडलेले. वाझ ह्यांनीं महागुरूंशीं आदरानें वागून समेटाचा प्रयत्न केला. तो वाद त्यांच्यानें मिटला नाहीं. तो दोन माणसांचा नव्हे तर दोन सत्तांचा होता. त्या धुमाळींत त्यांनीं मंगळूर, बसरूर, कुंदापूर ह्या भागांत गांवोगांव फिरून विस्कटलेली मंडळी पुन्हां प्रार्थनेस बसविली. तीन वर्षांनीं, १६८४ सालीं, ते गोव्यास परतले. सिलोन अजून दूरच होतें.

येथें आम्हांस स्वतःविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, आम्हांस नवा धर्मशिक्षक नेमावयाचा होता. एक तरुण गात असे सुरेख, बोलत असे नेटकें, आणि आम्हांस तो आवडे. आम्हीं नोव्हेना केली. नऊ दिवस मेणबत्त्या लाविल्या. परंतु खरें सांगावयाचें तर पहिल्याच दिवशीं नेमणुकीचा कागद आमच्या खणांत लिहून ठेवलेला होता. ज्या वृद्ध शिक्षकानें पावसापाण्यांत मयतांस मूठमाती दिली होती, त्यास आम्हीं विचारलेंही नाहीं. तीन कुटुंबें दोन वर्षें मिस्सेस आलीं नाहींत. शेवटीं आम्ही त्या म्हाताऱ्याच्या ओसरीवर क्षमा मागावयास गेलों. त्यानें घोंगडी अंथरली आणि पाऊस कसा काय आहे तेवढेंच विचारलें. मेणबत्त्या देवाच्या होत्या, उत्तर आमचें होतें, हें त्या ओसरीवर आम्हांस कळलें.

म्हणून वाझ ह्यांच्या चरित्रांतील पुढचा भाग आम्ही पुनःपुन्हां वाचतों. गोव्यास परतल्यावर ते जुन्या गोव्यांतील पवित्र क्रुसाच्या मंदिराजवळ एकत्र राहणाऱ्या कांहीं गोमंतकीय गुरूंस १६८५ सालीं जाऊन मिळाले. हे गुरू भाविक होते, पण त्यांना नियम नव्हता. वाझ ह्यांनीं संत फिलीप नेरी ह्यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर त्यांस वळण लाविलें, आणि बंधूंनीं त्यांनाच वडील नेमिलें. म्हणजे सिलोनाची हांक कानांत असतां मान मात्र घरींच चालून आला. तो त्यांनीं झिडकारला नाहीं. संघ उभा राहीपर्यंत त्यांनीं तें काम केलें. मग बंधूंच्या संमतीनें पद सोडलें आणि १६८६ सालीं ते सिलोनाच्या वाटेस लागले. तळमळ, वरिष्ठांची आज्ञा आणि सोबत्यांची संमति ह्या तिन्हींचीं तोंडें एका दिशेस वळेपर्यंत त्यांनीं वाट पाहिली.

१६८७ सालीं मजुराच्या वेषांत, जॉन नांवाच्या एका सेवकासह, ते जाफन्याच्या भूमीवर उतरले. उतरले ते आजारीच. बरें वाटूं लागल्यावर गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भीक मागत हिंडले. माळ पाहून कोणाचा चेहरा बदलतो तें पाहावें आणि तेथें ख्रिस्ती घर आहे असें ओळखावें. १६९२ सालीं ते कँडीस गेले, तेव्हां पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांस कैदेंत टाकण्यांत आलें. पुढें अवर्षणाच्या वर्षीं त्यांच्या प्रार्थनेनें पाऊस पडल्याची कथा तेथील परंपरा सांगते. देवीची सांथ आली तेव्हां टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनीं शुश्रूषा केली, आणि राजा विमलधर्मसूर्य ह्यानें त्यांस मोकळेपणीं फिरूं दिलें.

आमच्या सल्लागार मंडळाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, वाझ ह्यांना एकट्यानें सगळें बेट सांभाळावयाचें नव्हतें. कित्येक वर्षें एकही दुसरा गुरू नसतांना त्यांनीं जागोजाग गृहस्थांवर भार टाकिला. प्रार्थना चालविणें, मुलांस शिकविणें, मरणोन्मुखाजवळ बसणें, हीं कामें ह्या साध्या माणसांकडे होतीं. तामिळ मंडळी त्यांना मूप्पू आणि अन्नावी म्हणत. पुढें पोपमहाशयांच्या वकिलाकडून वाझ ह्यांना महागुरुपद देण्याचा विचार निघाला, तो त्यांनीं नम्रपणें नाकारला. १६ जानेवारी १७११ रोजीं ते कँडी येथें प्रभूच्या घरीं गेले. १९९५ सालीं पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं त्यांस धन्य आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्यांस संत म्हणून घोषित केलें. दोन्ही समारंभ कोलंबोसच झाले.

आतां आपल्या मंडळाविषयीं. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ सालीं अमरावतीपासून वेगळा झाला. ख्रिस्तसभेची सध्यांची धर्मसंहिता १९८३ ची. तिच्या ५३६ व्या कलमाप्रमाणें धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळास मत देण्याचा अधिकार आहे तो सल्ल्यापुरता. हें वाचून कित्येकांस वाटतें कीं मग मंडळाचा उपयोग काय? आम्हांस उलट वाटतें. ज्याच्या हातीं निकाल नाहीं, त्यास जिंकावयाचें कांहीं उरत नाहीं; तो खरें बोलूं शकतो. मात्र ऐकणारानें ऐकलें पाहिजे, आणि तो बोजा आमच्यावर आहे.

आपल्याच हिंगोली जिल्ह्यांतील नर्सीच्या नामदेवांची गोष्ट येथें सर्वांस माहीत आहे. संतांच्या मेळ्यांत गोरोबा कुंभारांनीं थापटणें घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलें आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें. मग नामदेव औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले. वारकऱ्यांची ही कथा आम्हीं प्रवचनांत सांगितली, तेव्हां मागच्या बाकावरचे एक आजोबा बाहेर पडतांना म्हणाले, "फादर, मंडळाच्या सभेला एक थापटणें आणूं काय?" आम्हीं त्यांस सांगितलें कीं, आणा, पण पहिली पाळी आमची.

सभा हळद शिजवून वाळविण्याचें काम आटोपल्यावर घ्यावयाची, म्हणजे शेतावरचीं माणसेंही येतील, आणि ऊसतोडीस गेलेलीं चार-दोन कुटुंबें तोंवर परततील अशी आशा आहे. त्याआधीं तीन दिवस संध्याकाळीं सातपासून आठपर्यंत मंदिर उघडें राहील आणि परमपवित्र साक्रामेंत वेदीवर मांडलेला असेल. त्या तासांत प्रवचन नाहीं, गीत नाहीं, ध्वनिक्षेपक नाहीं. तिसऱ्या दिवशीं कांहीं न खातां यावें. आजारी व लेंकुरवाळ्या स्त्रिया ह्यांस सूट आहे. नांवांची यादी कोणीही घरून लिहून आणूं नये. आमच्या टेबलाचा खण त्या तीनही दिवशीं उघडा राहील. पाहिजे त्यानें येऊन पाहावा.