घोटभर पाण्याची परीक्षा

घशात अन्नाची आणि हवेची वाट एकमेकींना छेदते. घास उतरताना स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वास क्षणभर थांबतो आणि श्वासनलिकेचे तोंड मिटते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर हा मेळ बिघडला तर पाणी फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. लुळा पडलेला हात घरच्यांना दिसतो. हे दिसत नाही.

ही आतली हालचाल दिसू लागली ती क्ष-किरणांमुळे. राँटगेनचा शोध १८९५ चा. पुढच्याच वर्षी हार्वर्डमधील वैद्यकाचा विद्यार्थी वॉल्टर कॅनन याने हंसाला बिस्मथची कॅप्सूल गिळायला लावली आणि ती खाली सरकताना पडद्यावर पाहिली. (लांब मानेचा पक्षी! निवडीला दाद द्यायला हवी.) पुढे बेरियम मिसळलेले अन्न देऊन रोग्याच्या गिळण्याची क्ष-किरण चित्रफीत घेण्याची पद्धत अमेरिकेत जेरी लोगमन यांनी रुळवली. पण हे यंत्र मोठ्या इस्पितळातच असते.

मग खाटेशी काय करायचे? घशाला मागे स्पर्श केल्यावर ओकारीची उबळ येते ना, मग गिळणेही ठीक असणार, असे बराच काळ मानले जाई. १९९५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १४० निरोगी माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ३७ टक्के लोकांना उबळ आलीच नाही! इतकी साधी समजूत इतकी वर्षे कुणी तपासून पाहिली नव्हती, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

त्याआधी, १९९२ मध्ये, डीपिप्पो आणि सहकाऱ्यांनी पाण्याची चाचणी मांडली होती. सुमारे ९० मिलिलिटर पाणी न थांबता प्यायचे. ठसका लागला किंवा आवाज ओलसर, घोगरा झाला, तर धोका. मात्र काहींच्या श्वासनलिकेत पाणी उतरले तरी ठसका लागतच नाही. असे रोगी या चाचणीतून निसटू शकतात. शिवाय पातळ पाणी सांभाळणे घशाला अवघड जाते. म्हणून ऑस्ट्रियातील २००७ च्या गुगिंग चाचणीत पाण्याआधी दाटसर पदार्थ देतात. आपल्याकडे मात्र रोगी शुद्धीवर आला की आधी पाणीच पुढे केले जाते.

ऑस्ट्रेलियात १९ स्ट्रोक विभागांत परिचारिकांनी ताप, रक्तातील साखर आणि गिळणे या तिन्हींकडे ठरवून लक्ष दिले. २०११ च्या अहवालानुसार ९० दिवसांनी मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण ५८ ऐवजी ४२ टक्के आढळले. यात गिळण्याच्या तपासणीचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही.

घरी परतलेल्या रोग्यापर्यंत कोण पोहोचणार? २००० च्या सुमारास जपानमध्ये पुढे आलेली एक चाचणी इथे सोयीची आहे. कंठमण्यावर बोटे ठेवून रोगी ३० सेकंदांत किती वेळा लाळ गिळतो ते मोजायचे. तीनपेक्षा कमी भरल्यास पुढे तपासणीला पाठवायचे. ना पाणी, ना यंत्र. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेला ती सहज शिकता येईल. ज्याला सूचनाच समजत नाहीत, त्याच्यावर मात्र ती चालत नाही. तिथे जेवताना शेजारी बसावे लागते : घास गालात साचतो का, जेवण लांबते का, पाणी प्यायल्यावर आवाज बदलतो का.